माझा विश्वास पुरेसा आहे का? बेदाण्याची पट्टी, पापक्षमा आणि लूथरची शिकवण

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे तासगाव तालुक्यातले, ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) नियमित येणारे गृहस्थ. थोरला भाऊ वारल्यावर दोन हंगाम द्राक्षबाग यांनीच पाहिली. बेदाण्याचा सौदा झाल्यावर वहिनींना त्यांच्या वाट्यापेक्षा ४०,००० रुपये कमी दिले आणि अडत्याची खरी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, दाखवलीच नाही. याला पाच वर्षं झाली. तेव्हापासून रोज देवाकडे क्षमा मागतात, उपवास केले, दशांशाहून (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाहून) जास्त दान दिलं, तरी रात्री दोनला जाग येते. प्रार्थना गटातल्या एकाने सांगितलं, 'तुमचा विश्वासच कमी पडतो.' लायकी नाही म्हणून दोन वर्षं प्रभुभोजनही (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) घेतलेलं नाही. सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर याच्याबद्दल काही वाचलं आणि आता विचारतात: माझी क्षमा झाली आहे का? विश्वास पुरेसा आहे हे कसं कळायचं? पैसे परत केल्याशिवाय क्षमा मिळतच नाही का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे दोन्ही तिथेच अडकलेत.

'भाव तसा देव' ही म्हण आपल्या अंगात इतकी मुरली आहे की विश्वास म्हटला की आपण तो मोजायलाच बसतो. किती उत्कट आहे, प्रार्थनेत डोळे भरून आले का, शंका किती वेळा आली. लूथर ज्याला विश्वास म्हणतो त्याला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द 'भरवसा'. भरवशाचं बळ तो टाकणाऱ्यात नसतं, ज्याच्यावर टाकला त्याच्यात असतं. थरथरत्या हातावर ठेवलेली पाचशेची नोट पाचशेचीच असते. मार्क ९:२४ मधला बाप एका दमात म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव. येशू त्याला 'आधी विश्वास वाढवून ये' असं म्हणत नाही, त्याच्या मुलाला बरं करतो.

घराघरांत शिकवण्यासाठी लूथरने १५२९ साली लहान प्रश्नोत्तरी लिहिली. प्रेषितांच्या विश्वासांगीकाराच्या (उपासनेत म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीच्या) तिसऱ्या भागाचा अर्थ सांगताना तो तिच्यात लिहितो की मी माझ्या बुद्धीने किंवा बळाने ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, पवित्र आत्म्याने सुवार्तेच्या द्वारे मला बोलावलं. म्हणजे विश्वाससुद्धा आपली कमाई नाही. तो कमाई मानला की विश्वास हेच एक नवं कर्म होऊन बसतं, आणि सगळ्या कर्मांत अवघड, कारण ते पुरं झालं की नाही हे कधी कळतच नाही. 'तुमचा विश्वास कमी पडतो' म्हणणाऱ्याने नकळत तुम्हाला याच खड्ड्यात ढकललं. तो भाऊ वाईट हेतूने बोलला नसेल, पण पापाच्या ओझ्याने वाकलेल्या माणसाला हे वाक्य कधीच बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

१५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासपत्राचं, म्हणजे लूथरन मंडळ्यांच्या मूळ श्रद्धापत्राचं, चौथं कलम सांगतं की माणूस ख्रिस्तामुळे, कृपेने, विश्वासाच्या द्वारे नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो. लगेच पाचवं कलम येतं: हा विश्वास मिळतो कुठून? वचनातून आणि संस्कारांतून (बाप्तिस्मा, प्रभुभोजन). तेव्हा विश्वास कमी वाटला की आत डोकावून जोर काढत बसायचं नाही. जिथे वचन कानावर पडेल तिथे जाऊन बसायचं.

लूथरला हे सुखासुखी उमगलं नाही. १५०५ साली तो एरफुर्टच्या मठात शिरला. पापकबुलीला बसला की तासन्‌तास उठायचा नाही, आणि उठल्यावर राहिलेलं पाप आठवलं की परत फिरायचा. त्याचे वरिष्ठ योहान फोन श्टाउपिट्झ त्याला सांगत राहिले की स्वतःकडे बघणं थांबव, ख्रिस्ताच्या जखमांकडे बघ. त्याची गफलत तीच होती जी तुमची आहे. क्षमा पश्चात्तापाच्या पूर्णपणावर टांगलेली होती, आणि पश्चात्ताप पूर्ण झाला असं प्रामाणिक माणसाला कधी वाटत नाही. तुम्ही पाच वर्षं रोज क्षमा मागताय याचा अर्थ क्षमा मिळत नाही असा होत नाही. तुम्ही मागून उठता आणि उत्तर ऐकायला थांबत नाही, एवढाच होतो.

आपल्या भागातला दाखला घेऊ. सोसायटीचं कर्ज काढलं की सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढतो. कर्ज माफ झालं की निल दाखला, म्हणजे काही बाकी नसल्याचा कागद, मिळतो आणि तो तलाठ्याकडे दिला की बोजा उतरतो. आता समजा त्या शेतकऱ्याला आतून अजून मोकळं वाटत नाही, सोसायटीचा सचिव समोरून आला की तो वाट बदलतो. म्हणून काही कर्ज परत चढत नाही. कर्ज आहे की नाही हे छातीतल्या धडधडीवर ठरत नाही, कागदावर ठरतं, आणि तो कागद त्याने स्वतः लिहिलेला नसतो. क्षमाही अशीच बाहेरून येते. हा दाखला एका ठिकाणी तुटतो: कर्जमाफीला पात्रतेचे निकष असतात, यादीत नाव यावं लागतं. कृपेची यादी नसते. पण आणखी एका ठिकाणी तो नीट बसतो. माफी म्हणजे रक्कम कुणीच भरली नाही असं नव्हे, शेतकऱ्याच्या वतीने ती सरकार भरतं. २ करिंथ ५:१९-२१ मध्ये पौल हेच सांगतो, की देवाने माणसांची पापं त्यांच्या हिशेबी धरली नाहीत आणि ज्याला पाप ठाऊक नव्हतं त्याला आपल्यासाठी पाप केलं. वधस्तंभावर हिशेब भरला गेला आहे.

मग तुमच्या हातात निल दाखला कोण देणार? लूथरन परंपरेचं उत्तर: खाजगी पापकबुली आणि क्षमेची घोषणा. इथे थोडं थांबून सांगतो. सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यातल्या बहुतेक जुन्या मंडळ्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या, साताऱ्याकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या. भारतातलं लूथरन काम १७०६ साली तरंगमबाडीला उतरलेल्या त्सीगेनबाल्ग आणि प्लूत्शाऊ यांच्यापासून दक्षिणेत आणि पुढे झारखंड-ओडिशाकडे वाढलं, आपल्याकडे ते रुजलं नाही. त्यामुळे तुमच्या उपासनेत सगळे मिळून पापकबुली म्हणत असतील, पण एकट्याने पाळकासमोर बसण्याची पद्धत बहुधा नसेल. पुष्कळांना ती कॅथोलिक वाटते. फरक एवढा की लूथरन पद्धतीत कबुलीनंतर प्रायश्चित्त म्हणून काही करायला लावत नाहीत. विश्वासाने नीतिमान ठरण्याचा मुद्दा प्रेस्बिटेरियन शिकवणुकीतही तोच आहे, त्यामुळे तुमच्या पाळकांना यात परकं वाटण्यासारखं काही नाही.

पाळकांना फोन करून वेळ मागा. रविवारी उपासना सुटल्यावर, दारात लोक घोळका करून उभे असताना हा विषय काढू नका. 'मला पापकबुली करायची आहे आणि क्षमेचं वचन ऐकायचं आहे' असं नेमकं सांगा, नाहीतर ते सल्ला मागायला आलात असं समजतील आणि तासभर सल्लाच देतील. या कामाला अर्धा तास पुष्कळ झाला.

जाण्याआधी दहा आज्ञा समोर घ्या आणि लूथर सांगतो तसं आपल्या जागेवरून त्यांच्याकडे बघा: मी कुणाचा दीर आहे, कुणाचा बाप, कुणाचा मालक. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. लूथरन क्रमात 'चोरी करू नको' ही सातवी आज्ञा येते. तुम्ही शब्बाथ शाळेत ती आठवी म्हणून पाठ केली असणार, कारण प्रेस्बिटेरियन मोजणीत मूर्तीबद्दलची आज्ञा वेगळी धरतात आणि लूथरन मोजणीत ती पहिलीतच येते. आकड्यावरून गोंधळू नका. या आज्ञेचा लहान प्रश्नोत्तरीतला अर्थ दोन पदरी आहे. शेजाऱ्याचा पैसा घेऊ नये, खोट्या मालाने किंवा खोट्या व्यवहाराने लाटू नये, हा एक पदर. त्याची मिळकत राखायला आणि वाढायला मदत करावी, हा दुसरा. पट्टी लपवली ती पहिल्यात मोडते. भावामागे वहिनीच्या वाट्याची राखण करायची ती केली नाही, हे दुसऱ्यात. हा दुसरा पदर जास्त बोचेल. बोचू द्या.

बोलताना मोघम बोलू नका. 'मी पापी आहे' हे खरंच आहे, पण 'मी वहिनींना ४०,००० रुपये कमी दिले आणि पट्टी लपवली' हे वाक्य तोंडातून बाहेर पडायला हवं. मोघम कबुलीला क्षमाही मोघमच वाटते आणि रात्री दोनला नेमकं तेच पाप उठून बसतं. उलट टोकही गाठू नका. आयुष्यभराच्या पापांची यादी लागत नाही, आउग्सबुर्ग विश्वासपत्राचं अकरावं कलम तसं स्पष्ट म्हणतं. देवापुढे सगळीच पापं कबूल करायची, आपल्याला माहीत नसलेलीसुद्धा. पाळकापुढे फक्त तीच जी ठाऊक आहेत आणि मनाला सलतात. शिवाय कारणं सांगू नका: औषधांचे दर, मजुरी, भावाने पूर्वी काय केलं होतं. कारणं सुरू झाली की कबुलीचा खटला होतो आणि तुम्ही स्वतःचेच वकील होता.

लहान प्रश्नोत्तरीत कबुलीचे दोनच भाग आहेत: पाप कबूल करणं, आणि पाळकाच्या तोंडून आलेली क्षमा देवाकडूनच आली असं शंका न धरता घेणं. दुसरा भाग मोठा. आपण पहिल्या भागात रडून मोकळे होतो आणि दुसरा व्हायच्या आत चपला घालतो. तसं करू नका. कबुलीनंतर पाळक विचारतात, 'मी जाहीर करतो ती क्षमा देवाचीच क्षमा आहे असा तुमचा विश्वास आहे का?' तुम्ही 'होय' म्हणता. मग ते म्हणतात, 'प्रभू येशू ख्रिस्ताच्या आज्ञेवरून मी तुम्हाला तुमच्या पापांची क्षमा करतो, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. शांतीने जा.' याचा आधार योहान २०:२३, जिथे येशू शिष्यांना म्हणतो की ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा झाली आहे. पाळक क्षमा तयार करत नाही, मालकाने सोपवलेला निरोप पोचवतो. 'देव तुम्हाला क्षमा करो' ही इच्छा झाली, 'तुमची क्षमा झाली आहे' ही घोषणा. तुम्हाला घोषणा हवी आहे. पाळकांना सवय नसेल तर वरचा मजकूर कागदावर लिहून न्या आणि मोठ्याने वाचायला सांगा.

ऐकलेलं पाळकाने बायकोलाही सांगायचं नाही आणि उपदेशात, नाव न घेताही, वापरायचं नाही. दीडशे माणसांच्या मंडळीत 'एका भावाने बेदाण्याच्या पैशांत' एवढं म्हटलं तरी अख्खं गाव ओळखतं. हा भरवसा वाटत नसेल तर दुसऱ्या गावच्या पाळकांकडे जा. तेही नको असेल तर एखादा प्रौढ, तोंडाचा पक्का विश्वासू चालेल. १५३७ च्या श्माल्काल्ड लेखांत, आपल्या शिकवणीच्या आणखी एका मांडणीत, लूथरने सुवार्ता आपल्यापर्यंत कोणकोणत्या वाटांनी येते हे सांगताना बंधुजनांचं आपसातलं बोलणं आणि सांत्वनही त्यात धरलं आहे.

आता पैसे. पैसे दिले की क्षमा मिळेल, ही एक चूक. क्षमा झाली, आता पैशांचं काय, ही दुसरी. लूक १९ मध्ये लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाची गोष्ट ज्या क्रमाने घडते तो क्रम बघा. येशू आधी त्याच्या घरी उतरायचं ठरवतो, लोक कुरकुरतात, आणि नंतर जक्कय चौपट परत देईन म्हणतो. परतफेड हे पाहुणा घरी आल्याचं फळ आहे, त्याला घरात घेण्याची फी नव्हे. पण फळ येणारच. आउग्सबुर्गचं सहावं कलम म्हणतं की अशा विश्वासाने चांगली फळं द्यायलाच हवीत, मात्र त्यांच्या जोरावर नीतिमान ठरू असं समजू नये.

यातला नाजूक भाग आडपडदा न ठेवता सांगतो. पैसे अजून देऊ शकला नाहीत म्हणून क्षमा अडत नाही. पैसे द्यायचेच नाहीत असं मनाशी पक्कं ठरवून क्षमा मागत असाल तर तो पश्चात्तापच नव्हे, आणि शहाणा पाळक त्या स्थितीत क्षमेची घोषणा करणार नाही. डिट्रिश बोनहोफर या लूथरन पाळकाने १९३७ साली याला 'स्वस्त कृपा' म्हटलं: पापाला माफी आणि पाप जागच्या जागी. फरक रकमेचा नाही, मूठ उघडली की नाही याचा आहे.

किती द्यायचे? लेवीय ६:५ मध्ये मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा सांगितला आहे. म्हणजे ४०,००० वर ८,०००, एकूण ४८,०००. मोशेचा हा नियम आज ख्रिस्ती माणसाला कायदा म्हणून लागू नाही, पण त्यातली जाण घेण्यासारखी आहे. पाच वर्षं तो पैसा तुमच्या हातात फिरला, वहिनींच्या नाही. साध्या सहा टक्क्यांनीही व्याज १२,००० होतं. माझ्या मते ५२,००० द्यावेत. आणि दशांशाहून जास्त जे दान दिलंत ते यात वळतं करू नका. दान मंडळीला पोचलं, कर्ज वहिनींचं होतं. चुकीच्या खिडकीवर भरलेल्या पैशाने योग्य खातं बंद होत नाही, आणि दान वाढवूनही मन शांत झालं नाही त्याचं हे एक कारण असावं.

आधी बायकोला सांगा. घरातून एवढी रक्कम जाणार आहे, तिला बाहेरून कळता कामा नये. वहिनींकडे जाताना तिलाच बरोबर न्या, पंच किंवा भावकी नको. सणाच्या किंवा भावाच्या स्मरणाच्या दिवशी जाऊ नका. जुनी पट्टी असेल तर ती न्या, नसेल तर अडत्याच्या दप्तरात नोंद मिळते का बघा. वजन, दर, हमाली, तोलाई, अडत सगळं उलगडून दाखवा, म्हणजे वहिनींना तुमच्या शब्दावर विसंबावं लागणार नाही. रक्कम बँकेतून द्या. एकरकमी जमत नसेल तर पुढच्या दोन हंगामांच्या पट्ट्यांतून किती आणि कधी हे लिहून त्यांच्या हातात द्या. बोलायचं एवढंच: 'वहिनी, मी तुमचे ४०,००० रुपये लपवले. हा हिशेब. हे पैसे तुमचे आहेत. मी चुकलो.' 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' यातला 'तर' सगळं नासवतो. 'देवाने मला माफ केलंय' हे तिथे अजिबात बोलू नका. ते खरं असलं तरी त्या क्षणी त्या बाईच्या तोंडावर दार लावल्यासारखं होतं.

वहिनी लगेच माफ करतील असं नाही. रडतील, ओरडतील, कदाचित गावभर सांगतील. तो त्यांचा हक्क आहे. २ शमुवेल १२ मध्ये नाथान संदेष्टा पाप केलेल्या दावीद राजाला म्हणतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, आणि त्याच बोलण्यात पुढचे परिणामही सांगतो. देवापुढची क्षमा वहिनींच्या उत्तराची वाट बघत थांबत नाही. तुम्हाला मात्र त्यांच्या उत्तराची वाट बघावी लागेल, वर्षभरसुद्धा.

प्रभुभोजनाबद्दल लहान प्रश्नोत्तरी सरळ विचारते: योग्य रीतीने कोण घेतो? उपवास आणि शरीराची तयारी हे चांगलं बाह्य वळण आहे, पण खरोखर योग्य आणि तयार तो, ज्याचा 'तुमच्यासाठी, पापांच्या क्षमेसाठी' या शब्दांवर विश्वास आहे. लायकी त्या शब्दांत आहे, घेणाऱ्यात नाही. मोठ्या प्रश्नोत्तरीत लूथर बजावतो की शुद्ध होईपर्यंत थांबणारा कधीच येणार नाही. अयोग्य रीतीने घेणारा दोषी ठरतो, हा १ करिंथ ११ मधला इशारा वेदीजवळ बेफिकिरीने जाणाऱ्यांना आहे, तुम्ही तर दोन वर्षं धास्तीने लांब उभे आहात. मत्तय ५:२३-२४ (अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाशी समेट कर) आठवून अडत असाल तर ते वचन समेटाला उशीर करू नको असं सांगतं. या आठवड्यात वहिनींकडे जा आणि रविवारी प्रभुभोजन घ्या. सगळे हप्ते फिटेपर्यंत थांबू नका.

एवढं करूनही रात्री जाग येणारच नाही, असं मी म्हणणार नाही. लूथरन शिकवणूक ख्रिस्ती माणसाला एकाच वेळी नीतिमान आणि पापी मानते, आणि जुना माणूस, म्हणजे आपल्यातला पापी स्वभाव, बाप्तिस्म्याच्या पाण्यात रोज बुडवावा लागतो असं सांगते. तो पोहणारा आहे. जाग आली की पाप पहिल्यापासून चाळायला बसू नका, त्याची कबुली झाली आहे. लूथर अशा वेळी 'माझा बाप्तिस्मा झालेला आहे' एवढंच धरून बसायचा. ते मोठ्याने म्हणा, मग १ योहान ३:२०, की आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे. पाळकांनी वाचलेला तो कागद उशाशी ठेवलात तर आणखी बरं. सकाळसाठी लहान प्रश्नोत्तरी सांगते की विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना म्हणावी, एखादं गीत गात आनंदाने कामाला लागावं. आयुष्याची अखेरची वर्षं साताऱ्यात घालवलेल्या ना. वा. टिळकांचं एखादं गीत तुम्हाला येत असेलच. रात्रीसाठी तीच प्रार्थना, आणि तिच्यानंतर एकच सूचना: लगेच आणि निर्धास्त झोपून जा.